थकवा, झोप आणि मन : शेतीकामाच्या नियोजनातील दुर्लक्षित बाजू

बियाणे किती लागले, खताच्या किती गोणी पडल्या, पाण्याच्या किती पाळ्या झाल्या याचा हिशेब आपण ठेवतो. ट्रॅक्टरचे तेल किती तासांनी बदलायचे हे आपल्याला पाठ असते. बैल दमला की जू उतरवून त्याला सावलीत बांधतो आणि वैरण-पाणी दाखवतो. पण ज्याच्या अंगमेहनतीवर हा सगळा प्रपंच उभा आहे, त्या माणसाच्या थकव्याचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत नसतो. "काम म्हटले की थकवा आलाच" असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो.

थकवा, झोप, शरीराची हालचाल आणि मनाची स्थिती या चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे गेल्या सव्वाशे वर्षांच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. या संशोधनातील शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारा भाग येथे दिला असून, त्यानुसार कामाची आखणी कशी करावी हेही सांगितले आहे.

थकवा कसा मोजला गेला

थकव्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत इटलीतील तुरीन शहरातील शरीरशास्त्राचे प्राध्यापक आंजेलो मोस्सो (१८४६ ते १९१०) यांचे नाव घेतले जाते. थकव्यावरील त्यांचा ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. थकवा मोजण्यासाठी त्यांनी एक साधे उपकरण तयार केले. माणसाचा हात टेबलावर पक्का बांधायचा, मधल्या बोटाला दोरी अडकवायची आणि दोरीच्या टोकाला दोन-तीन किलोचे वजन टांगायचे. ठरावीक वेळाने बोट वाकवून ते वजन उचलायचे. प्रत्येक वेळी वजन किती उंच उचलले गेले याची रेघ काजळी धरलेल्या कागदावर आपोआप उमटत असे. सुरुवातीच्या रेघा उंच येत, नंतर त्या लहान होत जात आणि शेवटी बोट हलेनासे होई. या प्रयोगांतून पुढील गोष्टी आढळून आल्या.

१) प्रत्येक माणसाची थकण्याची रीत वेगळी असते. कोणी हळूहळू थकतो, तर कोणी बराच वेळ टिकून एकदम गळतो. त्यामुळे दोन मजुरांची किंवा दोन भावांची तुलना करून एकाला आळशी ठरवणे चुकीचे आहे.

२) थकवा फक्त काम करणाऱ्या अवयवापुरता राहत नाही. पायांनी लांबचा पल्ला चालून आलेल्या माणसाच्या हाताच्या बोटाची ताकदही कमी झालेली दिसली. थकलेल्या कुत्र्याचे रक्त ताज्यातवान्या कुत्र्याच्या शरीरात घातले असता त्याच्यातही थकव्याची लक्षणे दिसली, असे मोस्सो यांनी नोंदवले आहे.

३) मनाला पडलेल्या ताणाने स्नायूंची ताकद घटते. मोस्सो यांचे सहकारी डॉ. माज्जोरा यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर स्वतःच्या बोटाची ताकद मोजली. दिवसभर खुर्चीवर बसूनच काम झाले होते, तरीही बोट लवकर थकले. रात्रीचे जागरण आणि अपुरे अन्न यांचाही असाच परिणाम दिसला.

४) चौथा निष्कर्ष शेतकऱ्यासाठी सर्वात महत्त्वाचा आहे. एका मालिकेत बोट पूर्ण थकेपर्यंत सुमारे ३० वेळा वजन उचलले गेले, तेव्हा ते पूर्ववत होण्यास दोन तास लागले. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १५ वेळा उचलून थांबले असता अर्धा तास पुरेसा झाला. म्हणजे काम निम्मे केल्यावर विश्रांती निम्मी न लागता चौथाईच लागली. याचे कारण असे की, शेवटच्या टप्प्यात ओढून-ताणून केलेले काम मोजमापात थोडे असले तरी शरीराला फार महाग पडते.

बोटावरचे हे आकडे जसेच्या तसे संपूर्ण शरीराला लावता येत नाहीत. मात्र त्यातील तत्त्व शेतीकामाला पूर्णपणे लागू पडते. गळून जाईपर्यंत काम करून मग आडवे होण्यापेक्षा, दम शिल्लक असतानाच थोडे थोडे थांबणे फायद्याचे ठरते.

कामाच्या आखणीत करावयाचे बदल

१) खुरपणी, कापणी, कापूस वेचणी, ऊसतोडणी अशा कामांत साधारण तासाभराने ५ ते १० मिनिटे थांबावे. पाणी प्यावे आणि कंबर सरळ करावी. शक्य असेल तेथे सावलीत बसावे.

२) वाकून करण्याचे काम आणि उभ्याने करण्याचे काम आलटून-पालटून ठेवावे. दिवसभर एकाच माणसाला एकाच कामावर लावू नये.

३) उन्हाळ्यात जड कामे सकाळी लवकर आणि उन्हे उतरल्यावर करावीत. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी घेत राहावे.

४) उपाशीपोटी कामाला जाऊ नये. विशेषतः घरातील स्त्रिया सर्वांना वाढून चहावर शेतात जातात. ही सवय बदलणे आवश्यक आहे. भाकरी खाऊनच घर सोडावे.

५) सायकल कोळपे, दातेरी विळा, उभ्याने चालवायची टोकण यंत्रे अशी श्रम वाचवणारी अवजारे वापरावीत. परभणी येथील कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी करण्याच्या दृष्टीने अशा अवजारांवर काम झाले आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात त्यांची माहिती मिळू शकते.

झोप : रोजच्या रोज फेडावयाचे देणे

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोपेची ओढ वाढते. झोपेत हा साठा कमी होतो. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याचा परिणाम तेवढ्यापुरता अडवते, म्हणून तरतरी वाटते. पण झोपेचे देणे त्यामुळे फिटत नाही, फक्त पुढे ढकलले जाते. प्यालेल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मे पाच-सहा तासांनंतरही शरीरात असते. म्हणून संध्याकाळी उशिरा घेतलेला कडक चहा रात्रीची झोप बिघडवतो.

झोपेवर दुसरे नियंत्रण शरीरातील घड्याळाचे असते. पेशींमधील या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळानुसार पहाटे साधारण तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान आणि सावधपणा सर्वात खाली असतो. रात्रभर जागून सकाळी झोपायला गेले तरी हेच घड्याळ पुरेशी झोप लागू देत नाही.

जागरणाचा परिणाम किती होतो, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दिले. त्यांनी काही लोकांना जागे ठेवून आणि त्याच लोकांना वेगळ्या दिवशी मद्य देऊन, हात आणि डोळे यांचा मेळ लागणाऱ्या एकाच कामाची चाचणी घेतली. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे काम, दर १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके बिघडलेले होते. सलग २४ तास जागल्यावर ते सुमारे १०० मिलिग्रॅमइतके बिघडले. आपल्या देशात मोटार वाहन कायद्याने वाहन चालवणाऱ्यासाठी ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूसही केवळ जागरणामुळे या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत पोचू शकतो.

दररोज थोडी झोप कमी घेतल्यास काय होते, याचा अभ्यास अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्या लोकांची कार्यक्षमता एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकी घसरली. विशेष म्हणजे आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांना स्वतःला फारसे जाणवले नाही. "मला चार-पाच तास झोप पुरते, सवय आहे" असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. बहुतेक प्रौढ माणसांना सात तासांच्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक झोप लागते.

रात्रीचे पाणी आणि दुसऱ्या दिवसाचे काम

महाराष्ट्रातील अनेक भागांत शेतीपंपांना वीज पाळीने मिळते आणि काही दिवस ही पाळी रात्रीची असते. समजा, एक शेतकरी पहाटे पाचला धारा काढण्यासाठी उठला. दिवसभर शेतात राबला. रात्री दहाला वीज आली आणि तो गव्हाला किंवा उसाला पाणी द्यायला गेला. दहा वाजता त्याला जागे होऊन १७ तास झालेले आहेत. म्हणजे पाळी सुरू होतानाच तो कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या मद्यपी चालकासारखा आहे. सकाळी सहाला वीज जाते तेव्हा २५ तास झालेले असतात. त्यानंतर तो दूध घालायला मोटारसायकलवरून जातो, कडबा कुट्टी यंत्रावर बसतो किंवा पंप पाठीला लावून फवारणीला उभा राहतो. अपघाताची वेळ नेमकी हीच असते.

फवारणीचे उदाहरण विशेष गंभीर आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस जणांचा बळी गेला. त्यामागे अनेक कारणे होती. मात्र औषधाची मात्रा मोजणे, वाऱ्याची दिशा पाहणे, तोंडाला फडके आणि हातांत मोजे घालणे, गळका पंप वेळीच ओळखणे ही सारी सावधपणाची कामे आहेत, आणि थकव्यात माणसाचा सावधपणाच आधी जातो.

रात्रीची पाळी असलेल्या दिवसासाठी पुढील नियोजन करावे.

१) पाळीच्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी दीड-दोन तास झोप काढावी. जागरणापूर्वी घेतलेली झोप रात्री पहाटेच्या वेळी उपयोगी पडते.

२) घरात दोघे-तिघे असतील तर रात्र वाटून घ्यावी. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून पाळी लावल्यास प्रत्येकाला सलग चार-पाच तास झोप मिळू शकते.

३) एकट्याने जाऊ नये. चांगली विजेरी, काठी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट वापरावेत. साप, उघड्या वायरी आणि विहिरीचा काठ हे तिन्ही धोके झोपाळलेल्या माणसाला अधिक असतात. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये.

४) जागरणानंतरच्या सकाळी मळणी यंत्र, कडबा कुट्टी, ट्रॅक्टर आणि फवारणी ही कामे ठेवू नयेत. धारा, वैरण, निवडणे-टिपणे अशी हलकी कामे करावीत. उसाची भरलेली ट्रॉली कारखान्यावर नेणाऱ्याने तर आधी झोप घेतल्याशिवाय चाकावर बसूच नये.

५) सकाळी खोलीत अंधार करून झोपावे. मोबाईल बंद ठेवावा. घरच्यांनी त्या वेळी हाक मारू नये. दुपारी परत २० ते ३० मिनिटांची डुलकी घेता येते.

६) जागण्यासाठी तंबाखू, मिश्री आणि झोपण्यासाठी दारू हा मार्ग घातक आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

७) ठिबक संच, पंपासाठी स्वयंचलित व्यवस्था आणि सौर पंप यांचा विचार पाणी व विजेच्या बचतीबरोबरच झोपेच्या दृष्टीनेही करावा. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवण्यात आली. आपले गाव त्यात आहे किंवा नाही, याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

कष्ट आणि व्यायाम यांतील फरक

"आम्हाला व्यायामाची काय गरज, दिवसभर राबतोच" असे नेहमी ऐकू येते. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. डेन्मार्कमधील संशोधकांना असे आढळून आले की, मोकळ्या वेळी केलेली हालचाल हृदयाला जेवढी लाभदायक ठरते, तेवढा लाभ कामातील जड कष्टांतून मिळत नाही, उलट अपाय होण्याचा संभव असतो. याचे कारण ते असे देतात की, कामाची हालचाल तासन्‌तास चालते, एकाच ठरावीक स्थितीत होते, वेग आपल्या हाती नसतो आणि मध्ये विश्रांती नसते.

म्हणून खुरपणी करणाऱ्या बाईला आणखी कष्टाचा सल्ला देण्यात अर्थ नाही. तिला गरज आहे ती आखडलेली कंबर, मांड्या आणि खांदे मोकळे करण्याची. काम संपल्यावर पाच मिनिटे हात वर ताणणे, मागे हलकेच वाकणे, पोटऱ्या ताणणे एवढे पुरते. याउलट ज्यांचे बरेचसे काम ट्रॅक्टरवर, दुकानात किंवा बसून असते, त्यांनी रोज अर्धा तास भरभर चालावे. काम नसलेल्या हंगामात, विशेषतः रब्बी निघाल्यानंतर, दिवसभर पारावर बसून राहणे टाळावे. सकाळच्या उजेडातील चालण्याने रात्रीची झोपही सुधारते.

थकवा आणि मन : गोव्यातील अभ्यास

विश्रांती घेऊनही थकवा जात नसेल तर काय समजावे? या प्रश्नावर गोव्यात महत्त्वाचे काम झाले आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसह 'संगाथ' ही संस्था तेथे स्थापन केली. त्यांच्या गटाने गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १२ टक्के स्त्रियांनी सहा महिने किंवा अधिक काळ टिकलेल्या थकव्याची तक्रार सांगितली. थकवा म्हटला की रक्त कमी असेल, असा आपला समज असतो. परंतु या पाहणीत रक्तातील हिमोग्लोबिनशी थकव्याचा संबंध आढळला नाही. घरातील कर्ज, अन्नाची टंचाई आणि मनाची बिघडलेली अवस्था यांच्याशी मात्र तो आढळला.

याचा अर्थ रक्तक्षयाकडे दुर्लक्ष करावे असा नाही. रक्त कमी असल्यास उपचार घेतलेच पाहिजेत. पण लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक घेऊनही अंगात बळ येत नसेल, तर मनाकडे पाहण्याची वेळ आली आहे असे समजावे. आपल्याकडे नैराश्याचा रोगी "मी उदास आहे" असे क्वचितच सांगतो. अंग दुखते, डोके जड वाटते, झोप नाही, हातापायात त्राण नाही, अशा शब्दांतच तो बोलतो. मोस्सो यांच्या प्रयोगात मनाच्या ताणाने बोट थकले, तेच येथे संपूर्ण शरीराचे होते.

छोट्या कामांतून उपचार

नैराश्यात माणूस घरात बसू लागतो. शेतात जात नाही, लग्नाकार्याला जात नाही, मित्रांना टाळतो. त्यामुळे मन रमवणारे, समाधान देणारे प्रसंग कमी होतात आणि नैराश्य वाढते. हे चक्र तोडण्यासाठी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक पद्धत वापरण्यात आली. मानसोपचाराचे पूर्वीचे शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक करण्यात आले. ते रुग्णाशी सहा ते आठ बैठकांत बोलत. उत्साह येण्याची वाट न पाहता रोजची छोटी छोटी कामे ठरवून करायची, त्यामुळे मनात काय फरक पडतो ते पाहायचे आणि अडचणी एकेक करून सोडवायच्या, हा त्याचा गाभा होता. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर याची चाचणी झाली. तीन महिन्यांनंतर ही मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

विदर्भातही अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत अशाच धर्तीचा कार्यक्रम झाला. गावातीलच कार्यकर्त्यांनी घरोघरी माहिती दिली. परिणामी दीड वर्षात नैराश्याने पीडित शंभर लोकांमागे मदत घेणाऱ्यांची संख्या ४ वरून २७ वर गेली. माणसे मदत नाकारत नव्हती, ती त्यांच्या दारापर्यंत पोचत नव्हती, हे यातून दिसते.

घरात कोणी असा खचलेला असेल तर "हातपाय हलव म्हणजे बरे वाटेल" असे टोचून बोलू नये. "चल, बांधापर्यंत जाऊन येऊ" असे म्हणून सोबत जावे. सुरुवात एवढ्याशा गोष्टीनेच करावी : सकाळी अंघोळ, गोठ्यापर्यंत फेरी, एका मित्राची भेट. कर्जाचा विषय असेल तर सगळे आकडे एका कागदावर मांडून बँकेत किंवा सोसायटीत दोघांनी मिळून जावे.

मदत केव्हा घ्यावी

पुढीलपैकी काही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

• सतत थकवा, कशातही मन न लागणे
• मध्यरात्रीनंतर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, किंवा फार झोप येणे
• भूक मंदावणे, वजन घटणे
• सतत चिडचिड, दारू वाढणे
• "माझ्यामुळे घर बुडाले" असे विचार

थकव्यामागे रक्तक्षय, मधुमेह, थायरॉईडचा विकार, क्षयरोग यांपैकी काही असू शकते, म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा डुलक्या येणे हेही डॉक्टरांना जरूर सांगावे.

जीव देण्याचे विचार कोणी बोलून दाखवले तर ते धमकी म्हणून झटकून टाकू नये. त्याला एकटे सोडू नये, शांतपणे ऐकून घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. कीटकनाशके लागतील तेवढीच आणावीत आणि उरलेली राहत्या घरात ठेवू नयेत. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. विष हाताशी नसले तर तो कठीण क्षण टळू शकतो.

केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मराठीतूनही बोलता येते.

सारांश

दम संपण्यापूर्वी थांबावे. रात्रीच्या पाळीआधी झोप घ्यावी आणि पाळीनंतर यंत्र व विष यांपासून दूर राहावे. आखडलेले अंग रोज मोकळे करावे. विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याला आळस न म्हणता त्याची तपासणी करावी. पुढील पाण्याची पाळी लावताना घरातील प्रत्येकाच्या झोपेचे तास त्याच वहीत लिहून पाहावेत. कोणाच्या वाट्याला किती आले ते दिसले की पाळी कशी बदलायची हे घरातच ठरवता येईल.